ऑनलाइन लिलावातील अवजारांची खरेदी-विक्री आणि वाहतूक खर्च

ऑनलाइन लिलावातून होणारी अवजारांची खरेदी-विक्री हा जुनी, वापरलेली किंवा कारखान्यात शिल्लक राहिलेली हत्यारे, यंत्रे व सुटे भाग यांच्या व्यापाराचा एक प्रकार आहे. त्यात विक्रेता वस्तूचे वर्णन व छायाचित्रे संकेतस्थळावर ठेवतो, इच्छुक ग्राहक ठरावीक मुदतीत बोली लावतात आणि मुदत संपताना सर्वाधिक बोली लावणाऱ्यास वस्तू मिळते. अवजारे बहुधा लोखंडाची व जड असल्याने या व्यवहारात वस्तूच्या किमतीइतकेच महत्त्व तिच्या वाहतूक खर्चाला असते. हा खर्च किती, तो कोणी सोसायचा आणि बोली लावण्यापूर्वी तो ग्राहकाला कळतो की नाही, या तीन मुद्द्यांवर व्यवहाराचा रास्तपणा अवलंबून असतो.

महाराष्ट्रात हा व्यापार दोन वेगळ्या पातळ्यांवर चालतो. बंद पडलेल्या कारखान्यांची यंत्रे, सरकारी भंगार आणि बँकांनी जप्त केलेला माल ई-लिलावाने विकला जातो. सुतार, फिटर, शेतकरी, विद्यार्थी आणि हौशी कारागीर यांची सुटी अवजारे मात्र आता बहुतांशी जाहिरातवजा संकेतस्थळांवर घासाघीस करून विकली जातात. बोलीचा खरा लिलाव भारतात किरकोळ ग्राहकांसाठी २०१८ नंतर फारसा उरलेला नाही.

पार्श्वभूमी

'लिलाव' हा मराठी शब्द पोर्तुगीज 'लैलाँव' या शब्दावरून आला आहे. बोली लावून माल विकण्याची रीत मात्र मराठी मुलखाला परकी नव्हती. धान्याच्या व जनावरांच्या बाजारात रुमालाखाली बोटे दाबून भाव ठरवण्याची पद्धत बराच काळ रूढ होती. या पद्धतीत तिसऱ्याला भाव कळत नसे. बाजार समित्यांच्या कायद्यांनी तिच्या जागी उघड लिलाव आणला. महाराष्ट्रात १९६३ चा कृषी उत्पन्न पणन कायदा हा त्यांतील मुख्य कायदा होय.

बलुतेदारी व्यवस्थेत अवजारे विकत घेण्याचा प्रसंग कमी येई. वाकस, पटाशी, कुदळ, विळा ही हत्यारे गावचा लोहार घडवी व शेवटी, म्हणजे पाते आटल्यावर, तोच त्यांना नवी धार किंवा नवे पोलाद लावून देई. कारखानदारी वाढली तसा हत्यारांचा बाजार शहरांत तयार झाला. मुंबईतील नागदेवी स्ट्रीट आणि पुण्याच्या रविवार पेठेतील बोहरी आळी ही नव्या हत्यारांची जुनी ठिकाणे आहेत. वापरलेल्या हत्यारांसाठी मुंबईचा चोर बाजार आणि पुण्यात मंगळवार पेठेलगत बुधवारी व रविवारी भरणारा जुना बाजार प्रसिद्ध आहेत. या बाजारांत ग्राहक रंध्याचा तळ डोळ्यासमोर धरून सरळ आहे का ते पाहतो, पान्ह्याचे जबडे हलवून पाहतो, आणि वस्तू हातात घेऊन घरी जातो. वाहतूक खर्च हा प्रश्नच तेथे निर्माण होत नाही. ऑनलाइन लिलावाने हातात घेऊन पाहण्याची सोय काढून घेतली आणि वाहतूक खर्च मध्ये आणला.

न पाहिलेली वस्तू दुरून मागवण्याची सवय मात्र त्याआधीची आहे. टपाल खात्याची व्ही.पी.पी. सेवा भारतात १८७७ साली सुरू झाली. पोस्टमनला पैसे देऊन पार्सल सोडवून घेण्याच्या या पद्धतीने अनेक पिढ्यांनी पुस्तके, औषधे, बियाणे आणि लहानसहान यंत्रे मागवली. त्यात टपाल हशील व पॅकिंगचा खर्च किमतीपासून वेगळा छापलेला असे, आणि ग्राहकाला तो आधीच ठाऊक असे.

भारतातील वाटचाल

३ सप्टेंबर १९९५ रोजी अमेरिकेत पिएर ओमिद्यार यांनी 'ऑक्शनवेब' हे लिलावाचे संकेतस्थळ सुरू केले. तेच पुढे 'ईबे' झाले. तेथे विकली गेलेली पहिली वस्तू एक बिघडलेला लेसर पॉइंटर होता आणि त्याला १४.८३ डॉलर मिळाले, ही गोष्ट बहुधा प्रत्येक इतिहासात सांगितली जाते. बिघडलेल्या वस्तूलाही कोठेतरी ग्राहक असतो, हे त्या विक्रीने दाखवले. जुन्या अवजारांचा सगळा व्यापार याच गृहीतकावर उभा आहे.

भारतात २००० साली मुंबईतून 'बाझी.कॉम' हे संकेतस्थळ सुरू झाले. २००४ मध्ये ईबेने ते सुमारे ५ कोटी डॉलरना विकत घेतले व त्याचे 'ईबे इंडिया' झाले. त्याच वर्षाच्या डिसेंबरात एका सदस्याने विक्रीस ठेवलेल्या आक्षेपार्ह चित्रफितीवरून कंपनीच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याला अटक झाली. दुसऱ्याने टाकलेल्या जाहिरातीसाठी संकेतस्थळ कितपत जबाबदार, हा प्रश्न या प्रकरणाने ऐरणीवर आला. माहिती तंत्रज्ञान कायद्यातील २००८ च्या दुरुस्तीने मध्यस्थ संकेतस्थळांना कलम ७९ खाली सशर्त संरक्षण मिळाले. खोटे वर्णन करून हत्यार विकणाऱ्याविरुद्ध तक्रार करताना संकेतस्थळे आजही याच कलमाचा आधार घेतात.

ईबे इंडियाची 'पैसापे' ही सोय अनोळखी माणसांमधील व्यवहारासाठी उपयुक्त होती. ग्राहकाचे पैसे मध्यस्थाकडे थांबत व माल पोचल्यानंतर विक्रेत्याला मिळत. २०१७ मध्ये फ्लिपकार्टने ईबे इंडियाचा कारभार घेतला आणि १४ ऑगस्ट २०१८ रोजी हे संकेतस्थळ बंद झाले. त्यानंतर सुट्या अवजारांची विक्री ओएलएक्स, फेसबुक मार्केटप्लेस आणि व्हॉट्सॲपवरील गट यांकडे वळली. या ठिकाणी बोली नसते, मुदत नसते आणि बऱ्याचदा पैसे धरून ठेवणारा मध्यस्थही नसतो. कुरिअरचा खर्च संवादाच्या शेवटी, सौदा जवळपास ठरल्यावर, सांगितला जातो.

मोठ्या मालाच्या बाबतीत चित्र उलटे आहे. १९६४ मध्ये स्थापन झालेली केंद्र सरकारची एम.एस.टी.सी. ही कंपनी सरकारी खाती व सार्वजनिक उद्योगांचे भंगार, जुनी यंत्रे व वाहने ई-लिलावाने विकते. रेल्वेही आपले भंगार ई-लिलावानेच काढते. कर्जवसुलीसाठी २००२ च्या सरफेसी कायद्याखाली बँका, तर २०१६ च्या दिवाळखोरी संहितेखाली परिसमापक कारखान्यांची यंत्रसामग्री लिलावात काढतात. अशा जाहीर सूचना मराठी दैनिकांत नित्य छापून येतात आणि त्यांतील 'जसे आहे, जेथे आहे' हे शब्द वाचकांच्या परिचयाचे आहेत.

बोलीची पद्धत

बहुतेक ग्राहकोपयोगी लिलाव संकेतस्थळांवर प्रतिनिधी बोलीची पद्धत असते. ग्राहक आपली कमाल रक्कम गुप्तपणे नोंदवतो व संगणक त्याच्या वतीने गरजेपुरतीच बोली वाढवतो. परिणामी जिंकणाऱ्याला आपली कमाल रक्कम भरावी लागत नाही. दुसऱ्या क्रमांकाच्या बोलीपेक्षा एक टप्पा अधिक एवढीच किंमत पडते. अर्थशास्त्रज्ञ विल्यम व्हिक्री यांनी १९६१ मध्ये मांडलेल्या द्वितीय-किंमत लिलावाशी ही पद्धत मिळतीजुळती आहे. तत्त्वतः अशा लिलावात वस्तूचे आपल्या लेखी जे मोल असेल तेच एकदा नोंदवून थांबणे हिताचे ठरते.

प्रत्यक्षात लोक तसे थांबत नाहीत. अल्विन रॉथ व ॲक्सेल ओकेनफेल्स यांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दाखवले की, ठरलेल्या क्षणी संपणाऱ्या ईबेच्या लिलावांत अखेरच्या मिनिटांत बोलींची गर्दी होते. ॲमेझॉनच्या तत्कालीन लिलावांत शेवटच्या बोलीनंतर मुदत आपोआप वाढत असल्याने तेथे ही प्रवृत्ती कमी होती. बँका व एम.एस.टी.सी. यांच्या ई-लिलावांतही अशी मुदतवाढ सामान्यतः असते. यंत्रांच्या लिलावात बोली लावण्यापूर्वी बयाणा रक्कम भरावी लागते आणि जागेवर जाऊन पाहणी करण्याचे दिवस ठरवून दिलेले असतात. पाहणी न करता बोली लावणाऱ्याला नंतर तक्रारीला जागा उरत नाही.

वाहतूक खर्चाचे घटक

अवजार पाठवण्याचा खर्च चार गोष्टींनी बनतो: पॅकिंग, वजन किंवा आकारमान, अंतर, आणि विमा किंवा जोखीम. यांपैकी आकारमानाचा भाग ग्राहकांना सर्वांत कमी समजतो. कुरिअर कंपन्या खोक्याचे प्रत्यक्ष वजन व आकारमानी वजन यांपैकी जे अधिक असेल त्यावर भाडे आकारतात. आकारमानी वजन काढण्यासाठी खोक्याची लांबी, रुंदी व उंची सेंटिमीटरमध्ये घेऊन त्यांच्या गुणाकाराला बहुधा ५००० ने भागतात. उत्तर किलोग्रॅममध्ये येते. काही कंपन्या याहून लहान भाजक वापरतात, त्यामुळे भाडे वाढते.

लोखंडी रंधा ४० × १५ × १५ सेंटिमीटरच्या खोक्यात घातला तर आकारमानी वजन १.८ किलो येते. पॅकिंगसह त्याचे प्रत्यक्ष वजन २.५ किलो भरले तर भाडे २.५ किलोवर लागते. हातकरवत याच्या उलट वागते. ८० × २० × ६ सेंटिमीटरच्या खोक्यातील करवतीचे प्रत्यक्ष वजन जेमतेम १ किलो असले, तरी आकारमानी वजन १.९२ किलो येते आणि कुरिअरच्या ५०० ग्रॅमच्या टप्प्यांत ते २ किलो धरले जाते. म्हणून करवतीचे भाडे तिच्या वजनाच्या मानाने जास्त वाटले तरी त्यात विक्रेत्याची लबाडी असेलच असे नाही. उलट दोन पक्कडींसाठी टीव्हीचे खोके वापरणारा विक्रेता स्वतः नफा न कमावताही ग्राहकाचे नुकसान करतो.

पॅकिंगवर काटकसर करणे अवजारांच्या बाबतीत महागात पडते. बिडाचा रंधा किंवा व्हाइस उंचावरून पडल्यास वाकत नाही, तडकतो. रंध्याच्या तोंडाजवळचा भाग आणि दोन्ही कडा यांना तडा गेल्यास तो कामातून जातो. पाते व मूठ काढून वेगवेगळी गुंडाळणे, करवतीच्या दातांवर पुठ्ठ्याची किंवा चिरलेल्या नळीची पट्टी बसवणे, पटाशीच्या धारेला टोपण घालणे ही जाणत्या विक्रेत्यांची पद्धत आहे. मुळशीसारख्या भरपूर पावसाच्या भागात पावसाळ्यात माल पाठवताना लोखंडाला तेलाचा हात देऊन प्लास्टिकमध्ये गुंडाळणेही पॅकिंगचाच भाग ठरते. ओल लागलेले पार्सल चार दिवस गोदामात पडले तर घासून चकचकीत केलेला तळ गंजून पोचतो.

बॅटरीवर चालणाऱ्या ड्रिल व ग्राइंडरना आणखी एक मर्यादा आहे. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने १ एप्रिल २०१६ पासून सुट्या लिथियम-आयन बॅटऱ्या प्रवासी विमानांतून माल म्हणून नेण्यास मनाई केली आहे. त्यामुळे सुटी बॅटरी सहसा रस्त्याने जाते आणि उशिरा पोचते.

ऐरण, बेंच ग्राइंडर, लहान लेथ यांसारखा माल कुरिअरने पाठवणे परवडत नाही. तो ट्रान्सपोर्ट कंपनीकडे दिला जातो. तेथे बिल्टीवर भाडे 'पेड' आहे की 'टू-पे', म्हणजे ते पाठवणाऱ्याने भरले आहे की घेणाऱ्याने भरायचे आहे, याची नोंद असते. डिलिव्हरी गोदामावर की घरपोच, हेही बिल्टी करतानाच ठरते. राज्य परिवहन महामंडळाच्या बसमधून पार्सल पाठवण्याची जुनी सोय आहे. महामंडळाने २०२० मध्ये मालवाहतूकही सुरू केली.

चढवण्या-उतरवण्याच्या मजुरीवरून होणारा वाद हा महाराष्ट्राचा खास विषय आहे. तिला हमाली किंवा वाराई म्हणतात. मालवाहतूकदारांच्या संघटनांनी 'ज्याचा माल त्याचा हमाल' अशी मागणी वर्षानुवर्षे लावून धरली आहे. हा खर्च गाडीवाल्यावर न टाकता मालधन्याने द्यावा, असा तिचा अर्थ आहे. शेतमालाच्या बाजारातही असाच प्रश्न होता. २०१६ मध्ये राज्य सरकारने फळे व भाजीपाल्याची अडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घेण्याचा निर्णय केला, तेव्हा रक्कम बदलली नव्हती, ती देणारा बदलला होता. यंत्रांच्या लिलावात 'जसे आहे, जेथे आहे' या अटीमुळे क्रेन, हमाली, भाडे असा सगळा भार खरेदीदाराकडे येतो. शिवाय माल उचलण्याची मुदत टळल्यास जागाभाडेही लागू शकते. भिंत पाडून बाहेर काढावा लागणारा प्रेस स्वस्तात मिळाला, असे म्हणताना हा हिशेब बहुधा विसरलेला असतो.

अवाजवी वाहतूक खर्च

लिलावाच्या संकेतस्थळांवर वाहतूक खर्च फुगवण्याची प्रवृत्ती सुरुवातीपासून दिसते. तिच्यामागे संकेतस्थळाच्या दलालीची रचना होती. दलाली फक्त वस्तूच्या किमतीवर १० टक्के आहे असे समजू. एक विक्रेता पान्ह्यांचा संच ८०० रुपयांना विकतो व २०० रुपये वाहतूक घेतो. त्याला ८० रुपये दलाली पडते. दुसरा किंमत २०० ठेवतो व वाहतुकीचे ८०० घेतो. त्याची दलाली २० रुपये. ग्राहक दोघांनाही १००० रुपयेच देतो. पण दुसऱ्याची वस्तू यादीत स्वस्त म्हणून वर येते. वस्तू सदोष निघाली आणि परतावा केवळ किमतीचाच मिळणार असेल, तर त्याच्या ग्राहकाच्या हाती २०० रुपयेच परत येतात.

ईबेने २००७ मध्ये विक्रेत्यांच्या मूल्यमापनात वाहतूक व हाताळणी खर्चासाठी स्वतंत्र गुणांकन आणले. जुलै २०११ पासून अमेरिकेत दलाली वाहतूक खर्चासह एकूण रकमेवर आकारली जाऊ लागली. विक्रेत्यांची यावर मोठी नाराजी होती आणि ती अगदीच निराधार नव्हती. जड अवजारे विकणाऱ्याला टपाल खात्याला दिलेल्या पैशांवरही दलाली द्यावी लागू लागली. ऐरण विकणाऱ्याची किंमत व वाहतूक जवळपास सारखी असू शकते. पुस्तके किंवा नाणी विकणाऱ्याला हा फटका फारसा जाणवत नाही.

ग्राहक वाहतूक खर्चाकडे दुर्लक्ष करतात, याला संशोधनाचाही आधार आहे. तंजिम हुसेन व जॉन मॉर्गन यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात ईबेवर सीडी व व्हिडिओ गेम लिलावात ठेवले. प्रारंभिक बोली कमी व वाहतूक खर्च जास्त ठेवल्यास बोली लावणारे अधिक येतात आणि विक्रेत्याला एकूण रक्कमही अधिक मिळते, असे त्यांना आढळले. वाहतूक खर्च फारच मोठा केला की मात्र हा परिणाम ओसरतो.

परदेशातून जुने रंधे किंवा मोजमापाची साधने मागवणाऱ्यांना आणखी एक बाब लागू होते. भारतात सीमाशुल्क काढताना वस्तूच्या किमतीत वाहतूक व विमाही मिळवतात. त्यामुळे फुगवलेल्या वाहतूक खर्चावर शुल्कही भरावे लागते. हवाई मार्गाने आलेल्या मालाच्या बाबतीत २००७ च्या मूल्यांकन नियमांनी एक मर्यादा घातली आहे. शुल्कासाठी धरायचा वाहतूक खर्च पाठवणीच्या ठिकाणच्या किमतीच्या २० टक्क्यांहून अधिक धरता येत नाही.

कायदेशीर तरतुदी

किमतीपलीकडचा खर्च कोणाचा, याचे मूळ उत्तर १९३० च्या माल विक्री कायद्यात आहे. वेगळा करार नसेल तर विकलेला माल विक्रीच्या वेळी जेथे असेल तेथेच स्वाधीन करायचा असतो. मात्र माल स्वाधीन करण्याजोग्या स्थितीत आणण्याचा खर्च विक्रेत्याचा असतो. या दोन्ही तरतुदी कलम ३६ मध्ये आहेत. त्यांचा एकत्रित अर्थ असा की, काही न ठरवता झालेल्या सौद्यात वाहतूक ग्राहकाने आणि वस्तू पाठवण्याजोगी करून देण्याचा खर्च विक्रेत्याने सोसावा. किमतीशिवाय 'पॅकिंगचे वेगळे' मागणाऱ्या विक्रेत्याने ते सौद्याआधी सांगणे म्हणूनच आवश्यक ठरते. कलम ३९ नुसार माल वाहतूकदाराच्या ताब्यात देणे हे सकृद्दर्शनी ग्राहकाच्या स्वाधीन करण्यासारखेच आहे, पण त्या वाहतूकदाराशी वाजवी करार करण्याची जबाबदारी विक्रेत्यावर राहते.

लिलावाविषयीचे कलम ६४ हातोडा पडेपर्यंत बोली मागे घेण्याची मुभा देते. संकेतस्थळे आपल्या अटींनी ही मुभा बहुधा काढून घेतात. विक्रेत्याने किंमत चढवण्यासाठी खोटी बोली लावली, म्हणजे मित्राच्या नावाने किंवा दुसऱ्या खात्यावरून भाव वाढवला, तर ग्राहकाला ती विक्री रद्द ठरवता येते.

२३ जुलै २०२० रोजी अधिसूचित झालेल्या ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियमांनी विक्रेत्यावर एकूण किंमत एकाच आकड्यात दाखवण्याचे बंधन घातले. त्या आकड्याची फोडही द्यावी लागते. तीत डिलिव्हरी, टपाल, हाताळणी व कर यांचा समावेश होतो. सदोष किंवा वर्णनाशी न जुळणारा माल परत घेण्यास विक्रेता नकार देऊ शकत नाही. ३० नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी फसव्या मांडणीचे १३ प्रकार नमूद केले. सुरुवातीला कमी किंमत दाखवून पैसे भरताना एकेक आकार वाढवत नेणे हा त्यांपैकी एक आहे. या नियमांना एक मोठा अपवाद आहे. नियमित किंवा पद्धतशीर व्यवसाय म्हणून नव्हे, तर व्यक्तिगत नात्याने आपली वस्तू विकणाऱ्या माणसाला ई-कॉमर्स नियम लागू होत नाहीत. निवृत्त फिटर आपली जुनी पेटी विकतो तेव्हा ग्राहकाला आधार माल विक्री कायद्याचाच उरतो.

वस्तू व सेवा कराच्या दृष्टीने विक्रेत्याने पॅकिंग, वाहतूक व विमा यांसह पाठवलेला माल हा संमिश्र पुरवठा असतो, आणि त्यावर मुख्य वस्तूचाच दर लागू होतो. कायद्याने संमिश्र पुरवठ्यासाठी दिलेले उदाहरण नेमके याच प्रकारच्या व्यवहाराचे आहे. ५०,००० रुपयांहून अधिक मोलाचा माल राज्याबाहेरून आणताना ई-वे बिल लागते. महाराष्ट्रांतर्गत वाहतुकीसाठी ही मर्यादा १ लाख रुपये आहे.

ट्रान्सपोर्टने पाठवलेला माल वाटेत फुटल्यास भरपाई किती, हे बिल्टी करताना ठरते. २००७ च्या रस्ते मालवाहतूक कायद्याखालील नियमांनुसार, अधिक मोल जाहीर केले नसेल तर वाहतूकदाराची जबाबदारी भाड्याच्या दहापटीपुरती मर्यादित राहते. ६०० रुपये भाडे देऊन पाठवलेल्या ४०,००० रुपयांच्या लेथची भरपाई अशा वेळी ६,००० रुपयांवर थांबते. दावा करण्यापूर्वीची नोटीस बुकिंगपासून १८० दिवसांत द्यावी लागते.

लवळे आणि मुळशी परिसर

लवळे हे मुळशी तालुक्यातील गाव पुणे शहराच्या पश्चिमेस आहे. सिंबायोसिस व फ्लेम या विद्यापीठांची संकुले आणि भारती विद्यापीठाचे अभियांत्रिकी महाविद्यालय येथे असल्याने गावाची ओळख शैक्षणिक केंद्र अशी झाली आहे. शेजारच्या पिरंगुट, भरे, उरवडे या पट्ट्यात लहानमोठे कारखाने आहेत. शेती, बांधकाम, कार्यशाळा आणि विद्यार्थ्यांचे प्रकल्प अशा चारही कारणांनी हत्यारांची गरज असलेला हा भाग आहे.

येथील ग्राहकापुढे पुण्याचा बाजार हा प्रत्यक्ष पर्याय असतो आणि ऑनलाइन सौद्याची तुलना त्याच्याशीच करावी लागते. समजा, जालंधरचा विक्रेता जुना रंधा ९०० रुपयांना देतो व लवळ्यापर्यंतचे ३५० रुपये सांगतो. पुण्यातील विक्रेता तसाच रंधा ११५० रुपयांना, समक्ष येऊन नेण्याच्या अटीवर देतो. कागदावर दुसरा महाग, पण पोच किंमत पाहता पहिला १२५० रुपयांना पडतो. पुण्याला जाण्यायेण्याचा खर्च व अर्ध्या दिवसाचा खाडा १०० रुपयांहून अधिक असेल तर पारडे पुन्हा फिरते. रोजावर काम करणाऱ्या सुताराचा आणि वसतिगृहातील विद्यार्थ्याचा हिशेब म्हणूनच वेगवेगळा येतो. समक्ष खरेदीत तळ सरळ आहे का हे पाहता येते, याचे मोल मात्र कोणत्याच आकड्यात धरलेले नसते.

कुरिअर कंपन्या भाडे पिनकोडवरून काढतात. लवळ्याचा ४१२११५ हा पिनकोड पिरंगुटसह आसपासच्या गावांनाही लागू आहे, त्यामुळे भाडेदर लवळ्याचा म्हणून नव्हे, तर त्या साऱ्या टापूचा म्हणून लागतो. ग्रामीण पिनकोडांना अनेक कंपन्या नियमित वितरण क्षेत्राबाहेरचे मानून जादा आकार घेतात किंवा जड पार्सल शहरातील केंद्रावरून नेण्यास सांगतात. हा आकार विक्रेत्याच्या हातात नसतो. मात्र 'सर्वत्र सारखा दर' असे लिहिणाऱ्या विक्रेत्याला तो नंतर मागता येत नाही. टपाल खात्याचे वितरण गावागावांत असल्याने लहान अवजारांसाठी टपालाचे पार्सल ग्रामीण भागात अनेकदा अधिक सरळ पडते.

फसवणूक व दाद

सुट्या अवजारांच्या व्यवहारात सर्वांत जास्त आढळणारी फसवणूक वाहतुकीच्या नावानेच होते. विक्रेता आपण लष्करात असून बदली झाल्याने सामान विकत असल्याचे सांगतो, ओळखपत्राचे छायाचित्र पाठवतो आणि आधी केवळ वाहतुकीचे पैसे मागतो. ते मिळाले की विमा, मग परत मिळणारी अनामत अशी मागणी वाढत जाते. दुसऱ्या प्रकारात ग्राहक म्हणून आलेला भामटा 'पैसे पाठवतो' म्हणत विक्रेत्याला क्यूआर कोड स्कॅन करायला लावतो. यूपीआयमध्ये पैसे घेण्यासाठी पिन कधीच टाकावा लागत नाही. पैसे गेल्यास १९३० या क्रमांकावर लगेच कळवल्यास रक्कम गोठवली जाण्याची शक्यता वाढते.

माल सदोष निघाल्यास किंवा न सांगितलेला खर्च उकळला गेल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनकडे १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तक्रारदाराला आपल्या राहत्या ठिकाणच्या जिल्हा आयोगाकडे जाण्याची मुभा दिली. त्यामुळे लुधियानाच्या विक्रेत्याविरुद्ध लवळ्याच्या ग्राहकाला पुण्यातच दाद मागता येते. ५ लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहारासाठी तक्रार शुल्क नाही. व्यापारी हेतूने घेतलेल्या यंत्राबाबत हा मार्ग खुला नसतो. परंतु केवळ स्वयंरोजगारातून उपजीविका करण्यासाठी स्वतः वापरायला घेतलेली वस्तू कायद्याने यातून वगळली आहे, म्हणून स्वतःच्या रंध्यावर पोट भरणारा सुतार ग्राहकच ठरतो. आयोगापुढे जाहिरातीचे छायाचित्र, संवाद, बिल्टी आणि पार्सल उघडतानाची चित्रफीत हा पुरावा उपयोगी पडतो. वाहतूक खर्चावरून वाद असेल तर कुरिअरची मूळ पावती हा सर्वांत ठोस कागद असतो, कारण तिच्यावर वजन व भरलेले भाडे दोन्ही छापलेले असतात.